मी प्यालो नव्हतो

"हा कर," साहेब म्हणाले. "मोठ्याने. माझ्या तोंडावर."

मी साहेबांच्या टेबलासमोर उभा. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. डाव्या हाताने टेबलाची कड धरलेली. मागे अख्खा नकाशा विभाग. बारा टेबलं, बारा माणसं. कुणाचंही पेन चालत नव्हतं.

मी हा केलं.

साहेबांनी नाक पुढे आणलं. हुंगलं. परत हुंगलं. वास नव्हताच, तर येणार कुठून? मला वाटलं, सुटलो. साहेब खुर्चीत मागे टेकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वेलदोडा चघळून आलाय. हुशार झालेत हल्ली."

कोणीतरी हसलं.

"आणि दुसरी चप्पल कुठे टाकलीस? गुत्त्यावर?"

आता सगळेच हसले. आणि मीही हसलो. का हसलो ते मला आजवर कळलेलं नाही. ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

साहेबांचं आडनाव मी इथे लिहीत नाही. माझं आडनाव मात्र, ते सांताक्रूझच्या ऑफिसातून बदलून आले त्या पहिल्याच दिवशी, त्यांनी दोनदा विचारलं होतं. मग गाव विचारलं. मग म्हणाले, "अच्छा." त्या एका अच्छात सगळं आलं. मी राखीव जागेवर लागलेला, हेही आलं. त्यानंतर मी मुलुंडच्या त्या सरकारी ऑफिसात किती सरळ रेघ मारतो, याला काही अर्थ उरला नाही.

मी ट्रेसर. इंजिनियर पेन्सिलीने नकाशा काढतो, मी त्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवून शाईने उतरवतो. जलवाहिन्या, रस्ते, हद्दी. ह्या कामात हात हीच लायकी. हात हलला तर रेघ ब्लेडने खरवडावी लागते आणि खरवडलेल्या जागी शाई फुटते. सात वर्षं माझ्या कागदावर खरवडलेली जागा शोधून सापडली नसती. हे मी फुशारकीने सांगतोय. सांगणारच.

आणि दारू. माझा बाप गोवंडीला हातभट्टीच्या दारूने गेला. मी नऊ वर्षांचा होतो. आई मला आणि धाकटीला घेऊन घाटकोपरच्या डोंगरावर मामाच्या शेजारी खोली बांधून राहिली. लोकांच्या घरची भांडी घासून तिने आम्हाला शिकवलं. आम्ही बौद्ध. पंचशीलातलं पाचवं शील म्हणजे दारूला शिवायचं नाही. इतर चार शिलांबद्दल आई थोडीफार सांभाळून घ्यायची, पाचव्याबद्दल नाही. खोकल्याची बाटलीसुद्धा ती आधी माझ्याकडून वाचून घ्यायची, आत अल्कोहोल आहे का म्हणून. अशा घरातला मी. कुणाच्या लग्नात सरबत दिलं तरी आधी वास घेणारा.

मग माझे पाय का लटपटत होते?

मलाच माहीत नव्हतं. आठवडाभर तळपायांत जाड मोजे घातल्यासारखं वाटत होतं. त्या दिवशी ऑफिसच्या फाटकापाशी कधीतरी डावी चप्पल पायातून निघून पडली आणि मला कळलंच नाही. जिना चढून आलो, टेबलापर्यंत टेबलं धरत धरत गेलो, तेव्हा शिपाई म्हणाला, "चप्पल किधर गया, भाऊ?" खाली बघितलं तर खरंच नव्हती. त्याच्या आदल्या पंधरवड्यात मी लाल शाईची बाटली दोनदा बदलून मागितली होती. हद्दीची लाल रेघ मला विटकरी, फिक्की दिसायची. शाई पातळ आहे असं मी भांडून सांगितलं. स्टोअरवाला म्हणाला, "सगळ्यांना चालते, तुलाच कशी चालत नाही रे?" एका डोळ्यापुढे सारखं धुरकट काच धरल्यासारखं होत होतं. मी चष्म्याचा नंबर वाढला समजून गप्प बसलो.

आता आमच्या विभागातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक सीनियर ड्राफ्ट्समन होते. साहेबांच्याच नात्यागोत्यातले म्हणा. जेवणाच्या सुट्टीनंतर ते टेबलावर डोकं टेकायचे ते साडेचारला उचलायचे. त्यांच्या ड्रॉवरमधून वास येतो हे झाडूवालीलाही माहीत होतं. साहेब त्यांच्याजवळून चवड्यांवर चालत जायचे आणि आम्हाला सांगायचे, "आवाज करू नका. त्यांची प्रकृती बरी नसते."

प्याला तो आजारी. आजारी तो प्याला. कुणाचं काय समजायचं हे नाकाने ठरत नव्हतं.

चप्पल हरवली त्याच दुपारी मेमो आला. कामावर दारू पिऊन आल्याबद्दल खुलासा करा. आमचे हेडक्लार्क सावंत. मालवणकडचे, युनियनचे, माणूस मनाने चांगला. त्यांचे वडील गिरणीत होते आणि गिरण्यांच्या संपाला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. नोकरी गेलेलं घर कसं असतं हे ते रोज बघत होते. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"माफी लिहून टाक. एकदा चूक झाली, पुन्हा होणार नाही. ताकीद देतील, फाईल बंद."

"पण मी प्यालोच नाही, सावंतसाहेब."

"अरे, माका ठावक हा रे. पण मग पाय का लटपटले ते सांग. सांगता येता?"

सांगता येत नव्हतं. मी सही केली. "मी मद्यप्राशन करून कामावर आलो याबद्दल क्षमस्व." माझ्या सुंदर अक्षरात. सावंतांनी मजकूर सांगितला, मी उतरवला. उतरवण्याचीच तर नोकरी होती माझी.

ताकीदपत्राची प्रत माझ्या खिशात होती. घरी विमलला, माझ्या बायकोला, कपडे धुताना ती सापडली. विमल सातवी शिकलेली. तिने वाचली आणि आईपासून लपवायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. मी डोंगर चढून घरी आलो, उन्हाने पाय आणखी लुळे पडलेले, दाराची चौकट धरली, तर आई समोर उभी.

"तोंड उघड, लेकरा."

"आई, मी नाही गं..."

"तोंड उघड. तुझा बाप असाच भिताडं धरून यायचा."

आईनेही हुंगलं. वास आला नाही तर तीही साहेबांसारखंच समजली की मी काहीतरी खाऊन वास मारलाय. साहेबांनी हुंगलं तेव्हा लाज वाटली होती. आईने हुंगलं तेव्हा आतून काहीतरी तुटलं, ते अजून नीट जुळलेलं नाही.

आमच्या वस्तीत रिवाज आहे. कुणी पिऊन गोंधळ घातला आणि त्याला सुधारायचं असलं की रविवारी विहारात वंदनेनंतर त्याला पुढे बोलावतात. तो सगळ्यांसमोर पाचवं शील एकट्याने पुन्हा म्हणतो. आई-बायकोसमोर, पोरांसमोर. रिवाज वाईट नाही. कितीतरी घरं त्याने वाचली आहेत. पण त्या रविवारी आईने मला पुढे केलं.

मी म्हटलं. न केलेल्या गुन्ह्यासाठी, शंभरेक माणसांपुढे, स्पष्ट आवाजात. म्हणून झाल्यावर मूर्तीपुढे गुडघे टेकले आणि वंदन करायला मान खाली घातली.

आणि मानेपासून थेट टाचांपर्यंत करंट गेला. विजेचा शॉक बसतो तसा, खराखुरा. मी कळवळलो. मान वर केली, थांबला. भीतभीत पुन्हा खाली घातली, पुन्हा गेला. मागून एक म्हातारी म्हणाली, "पस्तावलं बगा पोरगं." मलाही घटकाभर तसंच वाटलं. माझ्याच पापाची शिक्षा मला मिळतेय, असं. पाप कुठलं ते आठवेना, तरी वाटलं. इतकं मला सगळ्यांनी मिळून पटवलं होतं.

पाचेक आठवड्यांत पाय आपोआप बरे झाले. डोळाही बराचसा निवळला. घरात सगळे म्हणाले, बघ, शील घेतल्यावर सुधारला. ऑफिसात सगळे म्हणाले, बघ, ताकीद दिल्यावर सुधारला. सगळ्यांचं बरोबर निघालं, माझंच तेवढं चुकलेलं राहिलं.

पावसाळ्यानंतर उजवा डोळा पुन्हा अंधारला तेव्हा विमलच माझ्यामागे लागली. आई घरी राहिली, आम्ही दोघं मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. डोळ्यांच्या विभागातून नसांच्या विभागात पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्याहून लहान. झोप न झालेली, केस कसेबसे बांधलेले. त्यांनी हातोडीने गुडघे ठोकले, तळव्यावर किल्ली फिरवली, मला एका रेघेवर चालायला लावलं. मग सहज विचारलं, "मान खाली घातल्यावर कधी पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का हो?"

मी विमलकडे बघितलं. विमलने तोंडाला पदर लावला. ती त्या रविवारी विहारात होती.

त्या बाईंनी मला "दारू पिता का?" हेही विचारलं. पण कागदाकडे बघत, जसं सगळ्यांना विचारतात तसं. मी "नाही" म्हटलं. त्यांनी "नाही" लिहिलं. बस्स. हुंगलं नाही. माझ्या शब्दावर कुणीतरी कागदावर "नाही" लिहिलं, हे बघून मला तिथेच रडू आलं.

पाठीतलं पाणी काढलं. डोळ्यांसमोर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन हलवून तपासणी केली. नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरॉसिस. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण शरीर स्वतःच खातं. का, ते माहीत नाही. बरा होत नाही. येतो, थोडा ओसरतो, पुन्हा येतो. बाईंनी काही लपवलं नाही.

मग त्यांनी मला झटका ओळखायला शिकवलं. हे मी नीट लिहितो, कारण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर ती सही झाली नसती. "ऊन लागलं, ताप आला, दमलात, की जुनी तक्रार डोकं वर काढेल. घाबरायचं नाही. सावलीत बसा, गार पाण्याने अंग पुसा. थंडावलात की जाईल. तो नवा झटका नव्हे. पण अंगात ताप नसताना काही नवं सुरू झालं, किंवा जुनंच परत आलं, आणि ते चोवीस तासांच्या वर टिकलं, तर तो झटका. मग घरी बसायचं नाही. लगेच इथे यायचं."

आईला घरी येऊन सगळं सांगितलं. तिने हॉस्पिटलचे कागद हातात घेऊन उलटेसुलटे बघितले. मग म्हणाली, "म्हंजी मी उगाच तुला समद्यांसमोर..." मी तिला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तोंड सुजलं. गाल फुगले, डोळे बारीक झाले. ऑफिसात साहेब म्हणाले, "चेहऱ्यावर दिसतं हो सगळं." दारूची सूज म्हणे. मी तेव्हाही गप्प राहिलो. आजार सांगितला तर मेडिकल बोर्ड, आणि ट्रेसरचा हात आजारी म्हटल्यावर बोर्ड काय करणार? विमलला सातवा महिना होता. माझ्या गप्प बसण्याला कारण होतं. पण त्या कारणाच्या आडोशाला किती दिवस बसणार?

तेव्हापासून मी रोज सकाळी चहाच्या आधी दोन कामं करायचो. टाकाऊ ट्रेसिंग कागदावर पट्टी न लावता एक वीतभर रेघ मारायची. आणि एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरचे लाल रविवार बघायचे. लाल लाल दिसला, रेघ सरळ आली, की दिवस माझा. विमल विचारायची, "काय म्हणतो आज रविवार?" मी म्हणायचो, "लालबुंद." ती हसायची. आमची ही चेष्टा सहा महिने चालली. मधे मुलगी झाली. उन्हात दोनदा डोळा अंधारला, नळाखाली बसलो, अर्ध्या तासात गेला. झटका नव्हता. मला ओळखता येत होतं.

मग एका सोमवारी रेघ थरथरली.

उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर. ताप नाही. ऊनही नाही, सकाळ होती. मी अंगावर गार पाणी घेतलं, पंख्याखाली बसलो. तासाभराने पुन्हा रेघ मारली. तशीच. दुपारी तशीच. मंगळवारी सकाळी रेघ आणखी वाकडी आणि तळपायांत पुन्हा ते जाड मोजे. चोवीस तास झाले होते. मी विमलला म्हटलं, "आला." तिने पोरीला आईकडे दिलं आणि माझी पिशवी भरली. मला भीती वाटली, खूप वाटली. पण पहिल्यांदा मला माहीत होतं की मला काय होतंय. ह्या माहीत असण्याला किती बळ असतं हे ज्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही त्यालाच कळेल.

हॉस्पिटलात जायच्या आधी रजेचा अर्ज द्यायला ऑफिसात गेलो. विमल खाली फाटकाशी थांबली. जिना कठडा धरून चढलो. टेबलं धरत साहेबांपुढे गेलो.

साहेबांनी वर बघितलं. "परत? जवळ ये. हा कर."

"नाही," मी म्हटलं.

मागची पेनं थांबली.

"काय म्हणालास?"

"नाही करणार. हुंगायचंच असेल तर आधी सगळ्यांना हुंगा. तिकडच्या टेबलापासून सुरू करा. मग माझ्याकडे या."

तिकडच्या टेबलावरच्या सीनियर ड्राफ्ट्समननी ड्रॉवर हळूच बंद केला. या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. माझ्या अधू डोळ्यालाही तो लाल दिसला.

रजेचा अर्ज त्यांनी घेतला नाही. मेमो लिहायला सांगितला. कामावर दारू पिऊन येणे, दुसरी वेळ, शिवाय उद्धट वर्तन.

तीन आठवडे हॉस्पिटलात इंजेक्शनं झाली. मेमो घरी आला आणि मेमोपाठोपाठ डोंगर चढून सावंत आले. धापा टाकत खाटेवर बसले. विमलने चहा दिला.

"बाबा रे, ऐक. मी साहेबांशी बोललोय. पुन्हा माफी लिही. एक पगारवाढ रोखतील, बाकी काही नाही. आजार म्हणून लिहिलंस तर प्रकरण बोर्डापुढे जातला. बोर्ड अनफिट करील. मग काय करशील? पोरगी चार महिन्यांची हा."

"म्हणजे प्यालेला चालतो. आजारी चालत नाही."

"प्यालेले सगळीकडे असतत रे. त्यांची सवय असता लोकांका."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता आई सावंतांना हाकलून देईल. पाचव्या शिलावर जिने अख्खा जन्म काढला ती आई. तिने पोरीला मांडीवर घेतलं आणि खाली बघत म्हणाली, "कर सही. मला ठावं हाय तू पीत न्हाईस. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. नोकरी ऱ्हाऊ दे."

तिथे माझं टाळकं सरकलं. आईवर नाही. नवऱ्याची दारू सोसून, भांडी घासून, तोंडं हुंगून जिने पोरगा कोरडा ठेवला, तिच्याच तोंडून "लिही मी प्यालो" असं वदवून घेतलं होतं ह्या लोकांनी. तिला तिथपर्यंत आणलं होतं. साहेबांनी माझं तोंड हुंगलं ते मी एक वेळ गिळलं असतं. हे गिळणार नव्हतो.

"नाही आई," मी म्हटलं. "ह्या घरातला एक माणूस दारूने गेला. दुसरा गेला असं मी माझ्या हाताने लिहिणार नाही."

आई रडली. विमल रडली नाही. तिने कागद आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं.

सावंत म्हणाले, "दे, मी टाईप करून आणतो. तुझा हात..."

"नको. हातानेच लिहितो. अक्षर कसं आलंय ते बोर्डालाही दिसू दे."

दीड तास लागला. अक्षरं ओळीवरून घसरत होती. मी दारू प्यायलेलो नाही, आधीही प्यायलेलो नव्हतो. मला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा आजार आहे. गेल्या वर्षीची माफी माझ्याकडून आजाराचं निदान होण्याआधी लिहून घेतली, ती खोटी आहे, ती फाईलमधून काढून मला परत द्यावी. हॉस्पिटलचे कागद जोडले. खाली सही केली. वाकडी, पण माझी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन आवक टेबलावर ठेवलं आणि प्रत पुढे केली. "पोच द्या." सावंतांनी शिक्का मारला. शिक्का मारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. साहेब आतून ओरडले, "बोर्डापुढे उभा राहशील तेव्हा समजेल!"

बोर्ड पुढच्या महिन्यात आहे. मी काठी घेऊन जाणार आहे, लपवणार नाही. अनफिट ठरवतील कदाचित. मग घर कसं चालेल, मला माहीत नाही. माहीत आहे असं खोटं कशाला सांगू? पण अनफिट हा शब्द लिहिताना त्यांना त्यापुढे आजाराचं नाव लिहावं लागेल, दारूचं नाही. आणि ती जुनी माफी त्यांनी अजून परत दिलेली नाही. देत नाहीत तोवर दर सोमवारी माझा एक अर्ज आवक टेबलावर पडणार. हात चालला नाही तर विमल लिहील, मी अंगठा उठवीन, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.